जंबो कर्ज आणि अकरा बैल

होरासियो बेटेनकोर्टने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं, तरी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातले निम्मे लोक रोज सकाळी त्याला शिव्या देत. तो शहराच्या वाहतूक खात्यात होता आणि कुठल्या चौकातला सिग्नल किती वेळ लाल राहील हे तो ठरवायचा. त्याचं म्हणणं असं की, माणसाला थांबायला शिकवणं हे समाजकार्यच आहे. पुढे एका बँकेने हे समाजकार्य त्याच्यावरच करून दाखवलं.

सुरुवात नळापासून झाली. स्वयंपाकघरातला नळ दर फेब्रुवारीत ठिबकायला लागे. मग होरासियो घरमालकाला, म्हणजे रीनोला राहणाऱ्या म्हाताऱ्या लिंडक्विस्टला फोन करी. लिंडक्विस्ट "बघतो" म्हणे, आणि महिन्याभराने एक प्लंबर येऊन नळ वेगळ्या सुरात ठिबकता करून जाई. सतरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. या खेपेला मात्र लिंडक्विस्ट म्हणाला, "नळाचं राहू दे, बेटेनकोर्ट. मी घरच विकतोय. एक बिल्डर मागे लागलाय, पाडून मोठं बांधणार म्हणतो. पण तू जुना भाडेकरू, तेव्हा आधी तुला विचारतो. जूनअखेरपर्यंत जमव. किंमत साडेसोळा लाख."

साडेसोळा लाख डॉलर! त्यात घर म्हणजे तीन खोल्या, एक मोठा दिवाणखाना आणि तो नळ. परसात मात्र होरासियोच्या सासूबाईंचा, दोना एर्मिनियांचा, कंबरभर उंच हिरव्या कोबीचा वाफा होता. त्याचं बी त्यांनी पोर्तुगालच्या तेर्सेइरा बेटावरून येताना कोटाच्या अस्तरात शिवून आणलं होतं. घरात आठवड्यातून चारदा त्याचं सूप होई, आणि ते कुणाला आवडतं का हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"मी इथून हलायची नाही," सासूबाईंनी जाहीर केलं. "त्या बिल्डरला सांग, आधी मला पाड."

होरासियोची बायको देओलिंदा एका दवाखान्यात लोकांचे दात साफ करून देई. दिवसभर आ वासलेल्या माणसांशी एकतर्फी बोलायची सवय असल्यामुळे तिचे निर्णय झटपट होत. ती म्हणाली, "आपण घेऊ. वीस वर्षं साठवलंय ते कशासाठी? सगळं भरू, बाकीचं कर्ज काढू."

झालं. ठरलं.

बँकेत प्रिसिला हुइन नावाची एक चुणचुणीत बाई कर्जाचं पाहत असे. तिने आकडे यंत्रात घातले आणि डॉक्टर जुळ्यांची बातमी देतात तशी हसून म्हणाली, "मिस्टर बेटेनकोर्ट, तुमचं कर्ज जंबो आहे."

होरासियोचा ऊर भरून आला. आजवर त्याचं काहीच जंबो नव्हतं. गाडी लहान, पगार मध्यम, सिग्नलसुद्धा कुणाला न विचारता बदलता येतील असे चारच चौकांचे. पण प्रिसिलाने पुढे जे सांगितलं त्याने भरलेला ऊर हळूहळू रिकामा होत गेला. सरकार दरवर्षी एक मर्यादा ठरवतं. तिच्या आतलं कर्ज बँक पुढे मोठ्या संस्थांना विकून मोकळी होते. तिच्या वरचं कर्ज सहसा कुणी घेत नाही, ते बँकेच्याच गळ्यात राहतं. म्हणून बँक अशा कर्जदाराला सोन्यासारखा घासून पाहते. पत उत्तम हवी. पदरचे पैसे जास्त हवेत. घराचं मूल्यांकन एकदा नाही, दोनदा, दोन वेगळ्या माणसांकडून. आणि हे सगळं भरून झाल्यावरही वर्षभराच्या हप्त्यांइतकी शिल्लक खात्यात दिसली पाहिजे.

"म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच पैसे देणार?" होरासियोने विचारलं.

"अगदी बरोबर!" प्रिसिला खूश होऊन म्हणाली. "बऱ्याच लोकांना हे समजायला वेळ लागतो."

"आणि आम्ही मर्यादेच्या किती वर आहोत?"

"तुम्ही? जेमतेम तीस हजार."

मग पत किती हा प्रश्न आला. देओलिंदाची पत उत्तम होती. होरासियोची जरा लंगडत होती, आणि बँक दोघांत जी कमी ती धरते. कारण शोधलं तर सहा वर्षांपूर्वीचं टॉवेलांचं अठरा डॉलरचं बिल निघालं. ते टॉवेल पहिल्याच धुण्यात विटले होते, म्हणून होरासियोने तत्त्व म्हणून पैसे दिले नव्हते. त्याने दुकानात जाऊन ते भरले. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "टॉवेल कसे निघाले?" तत्त्वासाठी लढणाऱ्या माणसाला जग असं वागवतं.

शनिवारी सकाळी नेहमीच्या कॅफेत दुधाळ कॉफीचे ग्लास आणि लिंग्विसा सॉसेज घातलेले पाव समोर आले, तेव्हा होरासियोने अगदी सहज, हवापाण्यावर बोलावं तसं सांगितलं, "आमचं कर्ज जंबो आहे म्हणे."

टेबलावरच्या चौघांनी पाच सल्ले दिले. एकाच्या मेहुण्याने असंच कर्ज काढलं होतं, तो आता मोडेस्टोला राहतो, आणि का ते विचारू नये. दुसरा म्हणाला, हप्ता संपेपर्यंत नवीन फ्रीज घेऊ नका. हप्ता तीस वर्षांनी संपणार होता. जानुआरियो तोश्तेने मात्र कॉफी खाली ठेवली. तोश्ते निवृत्त गवळी. तीनशे गाई विकून तो शहरात आला होता आणि तेव्हापासून बोलायला गाई नसल्यामुळे माणसांशी बोले.

"वेड्या, तीस हजार आणखी भर आणि साधं कर्ज घे. हत्ती कशाला बांधतोस दारात?"

"तीस हजार आणू कुठून? सगळं भरल्यावर माझ्याकडे राहणार ते धुण्याचं मशीन बिघडलं तर जेमतेम पुरेल."

"मग वर्षभराची शिल्लक कुठून दाखवणार?"

"मागितली की बघू," होरासियो म्हणाला. सिग्नलवाल्या माणसाचा स्वभावच असा, समोर लाल दिसल्याशिवाय तो ब्रेक लावत नाही.

आणि गंमत म्हणजे ती मागितलीच नाही! देओलिंदाने बँकेला घरातल्या सगळ्या खात्यांचे उतारे पाठवले. सगळी पानं पाठवा असा हुकूम होता. तिने शेवटचं पान वगळलं, कारण त्यावर काहीच नव्हतं. त्या कोऱ्या पानासाठी फाइल आठवडाभर अडली. कोरं पान गेलं आणि प्रिसिलाचा फोन आला, "शिल्लक झकास आहे तुमची! अंडररायटरसाहेब खूश आहेत." हा अंडररायटर म्हणजे कर्ज मंजूर किंवा नामंजूर करणारा अधिकारी. तो आयडाहोत कुठेतरी बसे आणि प्रिसिलानेही त्याला कधी पाहिलं नव्हतं. होरासियोला वाटलं, निवृत्तिवेतनाचा फंड धरला असेल. साहेबांना आपली काटकसर दिसली, याचा त्याला मनापासून आनंद झाला.

साहेबांना दिसले होते ते बैल.

म्हणजे त्या वेळी ते अजून बैल झाले नव्हते, नुसते पैसे होते. त्यांच्या पोर्तुगीज वस्तीतलं मंडळ पवित्र आत्म्याच्या उत्सवाचा यजमान दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडतं, आणि मागच्या वर्षी चिठ्ठी होरासियोच्या नावाची निघाली होती. यजमानाच्या घरी शेवटचा आठवडा चांदीचा मुकुट राहतो, रोज संध्याकाळी त्याच्यासमोर जपमाळ होते, आणि रविवारी मंडळाच्या हॉलवर जो येईल त्याला पोटभर सोपाश वाढायचं: पावावर ओतलेला गोमांसाचा रस्सा, वर पुदिना. नाव विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. उत्सवासाठी गोळा झालेला निधी यजमानाच्याच नावावर राहतो. मंडळाचं वेगळं खातं काढायचा ठराव तीनदा मांडला गेला होता, पण सह्या कुणाच्या यावर तिन्ही वेळा सभा मोडली. तेव्हा ऐंशी हजार डॉलर शरद ऋतूपासून होरासियोच्या नावाने बँकेत पडून होते. ते आपले आहेत हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. उत्सवाचे पैसे आपले, असं त्या वस्तीत चोरसुद्धा समजत नाही.

पहिला मूल्यांकनकार आला, टेप लावून खोल्या मोजून गेला, साडेसोळा लाख बरोबर म्हणाला. सगळं मार्गी लागलं. मे महिना उजाडला आणि होरासियो यजमानाच्या कामाला लागला. तोश्तेच्या ओळखीने अकरा बैल ठरवले. पाववाल्याला, फुलवाल्याला, बँडला पैसे दिले. उत्सवाच्या मिरवणुकीत एक मुलगी राणी होऊन चालते, आणि त्या वर्षीची राणी म्हणजे देओलिंदाची भाची. तिच्या मखमली झग्याचेही दिले.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तिथेच घोडं अडलं. बँक शेवटी पुन्हा ताजे उतारे मागवते.

"मिस्टर बेटेनकोर्ट," प्रिसिलाचा आवाज फोनवर जरा बारीक झाला होता, "अंडररायटरसाहेबांचे काही प्रश्न आहेत. पहिला, तुम्ही एका महिन्यात अकरा बैल का घेतलेत?"

"सूप करायला."

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"साहेब विचारतात, कत्तलखान्याचा व्यवसाय असेल तर दोन वर्षांचे कराचे कागद पाठवा. दुसरा, या उताऱ्यात 'राणीचा झगा' असं लिहिलंय. ही राणी कोण, आणि ती आर्थिकदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून आहे का?"

"ती भाची आहे हो माझ्या बायकोची! एका दिवसाची राणी."

"ते मी लिहून घेते. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. शिल्लक खूपच कमी झालीय. हे पैसे परत येणार आहेत का? म्हणजे बैलांचे."

देओलिंदा दातांच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती. तोश्ते तर आधीच स्वयंपाकघरात बसलेला होता, कारण वाईट बातमीचा वास त्याला गाईच्या आजारासारखा लांबून येई. होरासियोने फोन छातीशी दाबून दोघांना सगळं सांगितलं.

"सोपं आहे," तोश्ते कुजबुजला. "बैलवाला माझा दोस्त. त्याला सांगतो, पैसे परत कर आणि दोन आठवडे थांब. खात्यात पैसे दिसतील, कर्ज होईल, मग दे त्याला. कुणाचं काय गेलं?"

खरंच, कुणाचं काय गेलं असतं? होरासियोने देओलिंदाकडे पाहिलं. देओलिंदाने खिडकीतून आईकडे पाहिलं. दोना एर्मिनिया वाफ्यात वाकून पिकलेली पानं खुडत होत्या आणि कोबीला काहीतरी रागावत होत्या. हे घर होरासियोला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, सतरा वर्षांत ते त्याच्या अंगात मुरलं होतं. दोन आठवड्यांचं तर खोटं. खोटंही नाही, नुसतं न बोलणं.

"काय करायचं ते कर," देओलिंदा हळूच म्हणाली. "पण नंतर मुकुटासमोर तुलाच बसायचंय."

होरासियोने फोन कानाला लावला. "प्रिसिलाबाई, ते पैसे परत येणार नाहीत. ते माझे नव्हतेच. उत्सवाचे होते."

"पण तुमच्या नावावर आहेत."

"बागेतली चिमणीसुद्धा माझ्या कुंपणात बसते. म्हणून ती माझी होत नाही."

प्रिसिलाने सुस्कारा सोडला. "मग ते मोजता येणार नाहीत. आणि ते धरले नाहीत तर... मला खरंच वाईट वाटतंय हो."

तोश्ते कपाळावर हात मारून म्हणाला, "तीनशे गाई सांभाळल्या मी, पण एकही इतकी प्रामाणिक नव्हती." आणि मग उठून त्याने होरासियोच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की फोन सिंकमध्ये पडला. नळ त्याच्यावर ठिबकत राहिला.

त्याच आठवड्यात मुकुट घरी आला. फाइल अजून रीतसर बंद झाली नव्हती, त्यामुळे आधीच नेमलेला दुसरा मूल्यांकनकारही त्याच आठवड्यात आला. बँकेचं यंत्र एकदा हललं की मढं उठवूनही मोजमाप घेतं. हा ड्वाइट नावाचा गंभीर गृहस्थ नेमका संध्याकाळी दारात उभा राहिला. दिवाणखान्यात छतापर्यंत वेदी उभी होती. तिच्यावर कागदी फुलं, शेकडो दिवे आणि वर चांदीचा मुकुट. समोर साठएक माणसं गुडघे टेकून जपमाळ म्हणत होती. परसात चार हंडे धगधगत होते आणि गॅरेजमध्ये बँडवाले सराव करत होते.

"मी घर बघायला आलोय," ड्वाइट ओरडून म्हणाला.

"या ना, बसा!" दोना एर्मिनियांनी त्याला गुडघे टेकायला लावले. त्याला वाटलं इथे असंच बसतात. जपमाळ संपेपर्यंत उठताच येईना. मग त्याने टेप काढली, पण दिवाणखान्याची लांबी मोजायची तर मधून पाच बायका, दोन पाळणे आणि एक ट्रॉम्बोन हलवावा लागत होता. शेवटी गोड पावाचा मोठा तुकडा हातात घेऊन तो निघून गेला. होरासियोला त्याची दयाच आली. बिचारा मेलेल्या कर्जासाठी घाम गाळत होता.

रविवारी दुपारी हॉलवर माणसांचा पूर होता. होरासियो एप्रन बांधून रस्सा वाढत होता. चेहरा हसरा ठेवायचा त्याने निश्चय केला होता आणि तो जवळजवळ साधलाही होता. एवढ्यात दारातून लिंडक्विस्ट आत आला. हातात कागदांची गुंडाळी, कानशिलं लाल.

"बेटेनकोर्ट! बँकेने हे काय पाठवलंय? माझ्या घराची किंमत तुझ्या माणसाने पन्नास हजारांनी खाली आणलीय! ऐक काय लिहिलंय ते: 'दिवाणखाना सार्वजनिक प्रार्थनास्थळ म्हणून वापरात असल्याचे दिसते. परिसरात वाद्यांचा त्रास. परसात औद्योगिक स्वरूपाचा स्वयंपाक.' औद्योगिक!"

"मिस्टर लिंडक्विस्ट, मी..."

"उभ्याने भांडू नये," दोना एर्मिनिया म्हणाल्या आणि त्याला बाकावर ढकललं. समोर वाडगा आला. लिंडक्विस्ट पहाटे रीनोहून निघाला होता. त्याने रागारागाने एक घास घेतला. मग दुसरा जरा कमी रागाने. वाडगा संपला तसा दुसरा आला, आणि तोही संपल्यावर त्याने तोंड पुसून विचारलं, "पैसे कुठे द्यायचे?"

"इथे पैसे घेत नाहीत," शेजारी बसलेला तोश्ते म्हणाला.

"मग हे सगळं कोण देतं?"

"लोक देतात. सांभाळायला यांच्याकडे असतं. या शहाण्याने ऐंशी हजार असे खात्यात बाळगले होते. बँक म्हणत होती, ते तुझे आहेत म्हण, घर तुझं. नुसतं गप्प राहायचं होतं. हा म्हणाला, माझे नाहीत. आता घर जाणार याचं, आणि बघा कसा डाव घेऊन हसतोय माकडासारखा."

लिंडक्विस्टने होरासियोकडे बराच वेळ पाहिलं. सतरा वर्षं पहिल्या तारखेला आलेलं भाडं त्याला आठवलं असेल, किंवा बिल्डरच्या वकिलाची पत्रं. किंवा नुसताच पुदिन्याचा वास असेल. त्याने वाडगा पुढे केला.

"थोडं आणखी वाढ. आणि ऐक, या कागदात लिहिलेल्या किमतीला घे घर. मला त्या बिल्डरच्या तोंडाला तोंड द्यायचा कंटाळा आलाय."

"उपकार झाले, पण उपयोग नाही. बँकेने..." होरासियो बोलता बोलता थांबला. डाव त्याच्या हातात तसाच राहिला. किंमत पन्नास हजारांनी खाली. पदरचे पैसे तेवढेच. म्हणजे कर्ज पन्नास हजारांनी कमी. आणि ते मर्यादेच्या वर होतं जेमतेम तीस हजार.

"देओलिंदा!" तो हॉल दणाणेल असा ओरडला. "आपण जंबो नाही! आपण साधे आहोत!"

लोकांना काही कळलं नाही, पण यजमान ओरडला म्हणून बँडने वाजवायला सुरुवात केली.

प्रिसिलाने सोमवारी पुन्हा आकडे घातले आणि ती हसायलाच लागली. कर्ज मर्यादेच्या आत आलं होतं. आता नियम साधे होते, वर्षभराची शिल्लक मागायचं कारण नव्हतं, हप्त्याला पगार पुरत होते. पण साहेब ते साहेब. आयडाहोहून एक शेवटचा प्रश्न आलाच: विक्रेत्याने किंमत अचानक कमी का केली? खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात काही देवाणघेवाण झाली आहे का? लेखी उत्तर द्यावे.

होरासियोला आता खरं बोलायची चटक लागली होती. त्याने लिहिलं: 'होय. तीन वाडगे सोपाश.' आणि खाली नम्रपणे सही केली.

दोन दिवस काहीच आलं नाही. देओलिंदा त्याच्याशी बोलेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी प्रिसिलाचा फोन आला. कर्ज मंजूर होतं. "आणि साहेबांनी खाली पेन्सिलीने लिहिलंय," ती म्हणाली, "हा उत्सव पुढच्या वर्षी कधी आहे, आणि बाहेरगावच्या माणसाने आलं तर चालतं का."

कॅफेत होरासियोला पुढचे अनेक शनिवार मान खाली घालून कॉफी प्यावी लागली. "काय मग, हत्तीचं काय झालं?" असं कुणीतरी विचारायचंच, आणि तोश्ते उत्तर द्यायचा, "बकरीवर भागवलं." सासूबाईंचं मत असं की, पवित्र आत्म्याला एवढं करायचंच होतं तर अजून लाखभर कमी करायला काय हरकत होती. पण हे बोलताना त्या वाफ्यात वाकलेल्या होत्या, आणि कोबीला त्या दिवशी रागावल्या नाहीत.

सह्या झाल्या. किल्ली बदलली नाही, दार बदललं नाही. फेब्रुवारी आला आणि नळ पुन्हा ठिबकायला लागला. होरासियोने सवयीने फोन उचलला, रीनोचा नंबर अर्धा फिरवला आणि तसाच उभा राहिला. मग त्याने फोन जागेवर ठेवला.

आतून देओलिंदाने विचारलं, "काय म्हणाले मालक?"

"मालक म्हणाले," होरासियोने बाह्या वर सारल्या, "गॅरेजमधून पाना आण."